मधलं नाव

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात 'आपल्यातलेच वक्ते' या कार्यक्रमात सी विंगमधील एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेले भाषण. बोलण्याचा बाज कायम ठेवून थोडे संक्षिप्त केले आहे.)



सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, "काकू, तुम्ही सदतीस वर्षं महानगरपालिकेत काढलीत, त्यातली एकोणीस जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. त्याबद्दल काहीतरी बोला." मी म्हटलं, "मृत्यूबद्दल रौप्यमहोत्सवात नको. जन्माबद्दल बोलते." तेव्हा आज मी इथे नावं ठेवायला उभी आहे. घाबरू नका, कुणाला नावं ठेवणार नाही. बाळाचं नाव कसं ठेवतात, आणि त्यातही ज्याच्याकडे आपलं लक्षच नसतं त्या मधल्या नावाबद्दल चार गोष्टी सांगणार आहे.

आपल्याकडे नावाचे तीन मजले. वरचा मजला बाळाचा, तळमजला आडनावाचा आणि मधला वडिलांचा. वरच्या मजल्यासाठी घरात महिनाभर युद्ध चालतं. आजीला देवाचं हवं, आत्याला नवीन हवं, आईनं मोबाइलमध्ये यादी केलेली असते, पत्रिकेतलं आद्याक्षर निघतं नेमकं 'ढ' किंवा 'थ'. तळमजल्याला कुणी हात लावत नाही. आणि मधल्या मजल्याचं काय? तो न विचारताच ठरलेला असतो. बाप ज्या दिवशी जन्मला आणि त्याचं बारसं झालं, त्याच दिवशी त्याच्या पोरांचं मधलं नावही ठरून गेलं!

माझी एक चुलतबहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिला मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलातली बाई फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, मधलं नाव काय ठरवलंत? बहिणीनं नवऱ्याचं नाव सांगितलं. ती बाई म्हणाली, "मुलीला मुलाचं नाव?" तिकडे मधलं नाव हे दुसरं नावच असतं, आईबापांनी हौसेनं निवडलेलं. आजीचं ठेवतात, आवडत्या माणसाचं ठेवतात, नुसतं कानाला गोड लागतं म्हणूनही ठेवतात. आपल्याकडे तशी हौस कुणी करत नाही असं वाटतं ना? पण सुनील गावसकरांनी केली. मुलाचं नाव ठेवलं रोहन जयविश्व. रोहन कन्हायवरून रोहन, जयसिंहांमधला जय आणि विश्वनाथमधला विश्व. तीन आवडते खेळाडू एका पाळण्यात! तरीसुद्धा पुढे तो मुलगा भारतासाठी खेळला तेव्हा लोकांच्या तोंडी रोहन सुनील गावसकरच राहिला. म्हणजे सुनील मनोहरांच्या घरातसुद्धा मधला मजला शेवटी बापानंच पटकावला.

सचिनचंही तसंच. स्कोअरबोर्डावर वर्षानुवर्षं 'एस. आर. तेंडुलकर' झळकलं. त्यातला 'आर' म्हणजे रमेश, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. प्रत्येक शतकाबरोबर वडिलांचं एक अक्षर जगभर जाऊन आलं. मधल्या नावाचं मोठेपण मी नाकारत नाही, हे आधीच सांगते. बाबासाहेबांच्या भीमराव रामजी या नावातला 'रामजी' वगळला, तर एका सुभेदार बापानं मुलाच्या शिक्षणासाठी खाल्लेल्या खस्ताच वगळल्यासारखं होतं.

मराठी साहित्य तर मधल्या नावाशिवाय उभंच राहत नाही. पु. ल. म्हणताना आपण लक्ष्मणरावांना घेऊनच म्हणतो, व. पु. म्हणताना पुरुषोत्तमरावांना. पण यात एक गंमत आहे, ती मला खिडकीवर बसून कळली. मराठीला पहिले दोन ज्ञानपीठ मिळाले ते वि. स. खांडेकर आणि वि. वा. शिरवाडकर यांना. १९७४ चं खांडेकरांना, १९८७ चं शिरवाडकरांना. हे दोघेही दत्तक गेलेले. खांडेकर जन्मानं गणेश आत्माराम. दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. कुसुमाग्रज जन्मानं गजानन रंगनाथ. दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. दोघांचं पहिलंही बदललं आणि मधलंही. आडनाव तेवढं तेच राहिलं. आता माझ्या बहिणींनो, तुम्ही विचार करा. पुरुषाचं नाव आणि मधलं नाव एकदम बदललं की आपण ते चरित्रात लिहितो. आपल्यापैकी किती जणींची दोन्ही बदलली आणि वर आडनावही गेलं? ते कुठल्या चरित्रात लिहिलंय? त्यावर मी शेवटी येते.

आधी खिडकीवरचं सांगते. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. हॉस्पिटलात जन्म झाला असेल तर हॉस्पिटल कळवतं. पण त्या वेळी बहुतेक बाळांचं नाव ठरलेलं नसतं. म्हणून नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद करता येते. नंतर बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर फी नाही. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास आमच्याकडे रांग लागायची. सहा-सहा वर्षांची मुलं बापाचं बोट धरून यायची, आणि सरकारच्या लेखी तोवर त्यांना नावच नसायचं! मी विचारायची, "काय रे, नाव काय तुझं?" तर म्हणायचा "बाळू." त्याला घरात खरं नाव कुणी सांगितलेलंच नसायचं.

आणि एक लक्षात ठेवा. एकदा नोंदीत नाव चढलं की 'आता आवडत नाही' म्हणून ते बदलत नाही. लिहिताना चूक झाली असेल तर दुरुस्ती होते, पण मन बदललं तर नाही. आता तर ते आणखी महत्त्वाचं झालंय. १ ऑक्टोबर २०२३ ला आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी आणि जन्मठिकाणासाठी जन्मदाखलाच लागणार. तेव्हा दाखल्यावरचं नाव एकदाच, पण नीट विचार करून द्या.

विचार कसा करायचा? लोक मला विचारायचे, "बाई, हे नाव शोभतं का?" मी म्हणायची, शोभतं का ते नुसत्या नावाकडे बघून कळत नाही, पूर्ण नाव मोठ्यानं म्हणा. शाळेत बाई हजेरी घेतात तसं. बाळाचं नाव बदलता येतं, बापाचं बदलता येत नाही. म्हणून बापाच्या नावाला शोभेल असं बाळाचं निवडायचं. माझ्या खिडकीवरचे काही आडाखे सांगते, ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी लिहून घ्या.

पहिला आडाखा सांध्याचा. बाळाच्या नावाचा शेवट आणि बापाच्या नावाची सुरुवात एकमेकांवर आपटता कामा नये. समीर रमेश. म्हणून बघा, दोन 'र' मिळून 'समीरमेश' होतं. अमित तानाजीचं 'अमितानाजी' होतं. मुलीचं नाव आकारान्त आणि बापाचं नाव 'अ' किंवा 'आ' वरून असलं की संधीच होतो. सुधा आनंद घाईत म्हणा, 'सुधानंद'! पोरगी बालवाडीत आणि नाव एखाद्या स्वामींचं. (हशा)

दुसरा आडाखा वजनाचा. बाप पुरुषोत्तम, ज्ञानेश्वर किंवा त्र्यंबक असेल तर पोराला आणखी जोडाक्षरं देऊ नका, बिचारं सही करून थकेल. बापाचं नाव जड तर बाळाचं हलकं. बापाचं नाव दोन अक्षरी असेल, राम, जय, अमोघ नव्हे पण दीप वगैरे, तर खुशाल चार अक्षरी ठेवा. तराजूसारखं आहे.

तिसरा आद्याक्षरांचा. मराठीतही बघा आणि इंग्रजीतही बघा. बाळाचं 'न' वरून आणि बापाचं कोंडिबा, की वहीवर झालं 'न. को.'! इंग्रजीत बी, ए, डी ओळीनं आलं तर शाळेत काय चिडवतील ते तुम्हीच ठरवा.

चौथा नात्यागोत्याचा. आपल्याकडे शिवाजीरावांच्या घरी संभाजी हमखास जन्मतो, दशरथाच्या घरी राम. ऐकायला छान, कुठल्याही गावच्या मतदारयादीत सापडेल. पण उलटं होऊ देऊ नका. बाप गणपत आणि मुलगा महादेव, म्हणजे बापाचाच बाप पाळण्यात! एका आजोबांनी हट्टानं असंच नाव नोंदवलं होतं. मी हळूच सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "बाई, तो आहेच आमचा बाप. रात्रभर सगळ्यांना जागवतो." मी मुकाट्यानं शिक्का मारला.

पाचवा आडाखा कंटाळवाणा आहे पण सर्वांत महत्त्वाचा. बापाचं नाव त्याच्या स्वतःच्या कागदांवर इंग्रजीत जसं लिहिलंय तसंच बाळाच्या दाखल्यावर लिहा. श्रीकांत म्हणजे एस-एच-आर-आय की एस-एच-आर-ई-ई? दत्तात्रय की दत्तात्रेय? एका अक्षरानं बाप दुसरा होतो, आणि मग वीस वर्षांनी तो मुलगा तुमच्या नावानं कपाळावर हात मारतो.

हे झाले हसण्याचे प्रकार. आता एक हसण्यासारखं नाही ते सांगते. एकदा दुपारी, खिडकी बंद व्हायच्या बेताला, एक तरुण मुलगी आली. कडेवर तीन-चार महिन्यांचं बाळ. एकटीच होती. फॉर्म अर्धा भरलेला. मला म्हणाली, "बाई, वडिलांचा रकाना रिकामा ठेवला तर चालेल का? आणि मधे माझं नाव लावलं तर?" मागे रांग होती. मी म्हटलं, "असं आजवर केलेलं नाही, उद्या सकाळी या, साहेबांना विचारून ठेवते." मी साहेबांना विचारलंसुद्धा. पण ती दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतरही कधी आली नाही.

मी उद्धट बोलले नव्हते. पण 'उद्या या' हे तिनं किती खिडक्यांवर ऐकलं असेल, याचा विचार मी त्या वेळी केला नाही. २०१४ ला मी निवृत्त झाले. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला, की एकट्या आईनं जन्मदाखला मागितला तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावं आणि दाखला द्यावा. पेपर हातात घेऊन मी बराच वेळ बाल्कनीत बसले होते. आमच्या ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "एक बाई परत यायची राहिली."

तसं पाहिलं तर आईचं नाव मधे लावणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. एम. एस. सुब्बुलक्ष्मींमधला 'एम' म्हणजे मदुराई, त्यांचं गाव, आणि 'एस' म्हणजे षण्मुखवडिवु, त्यांच्या वीणा वाजवणाऱ्या आई. सगळ्या देशानं 'एमएस, एमएस' म्हणत त्या आईचं नाव घेतलं, आणि कुणाला ठाऊकही नाही. आपल्या मुंबईतले संजय लीला भन्साळी. लीला म्हणजे त्यांच्या आई. पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं, आपण पॉपकॉर्न खाताखाता वाचतो.

आणि आता आपल्या राज्यातच नियम झाला. ११ मार्च २०२४ ला मंत्रिमंडळानं निर्णय घेतला. १ मे २०२४ ला आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव लिहायचं ते असं: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तीन मजली नावावर एक मजला चढला. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर वाढीव एफएसआय मिळाला! (हशा, टाळ्या)

आमच्या घरी हा नियम पाळण्यात येऊन पडला. माझ्या मुलाचं नाव अनिरुद्ध, सून ऋतुजा. २०२४ च्या जुलैत नात झाली. माझे वरचे सगळे आडाखे एका बापासाठी होते. आता दोन नावं सांभाळायची, आणि ती कसली? ऋतुजा अनिरुद्ध! एक 'ऋ' घेऊन सुरू होतं, दुसरं 'द्ध' घेऊन संपतं. रात्री जेवणं झाली की आम्ही हॉलमध्ये बसून हजेरी घ्यायचो. 'वेदश्री ऋतुजा अनिरुद्ध.' मुलगा म्हणाला, "आई, हे नाव आहे की स्तोत्र?" 'ईरा ऋतुजा' म्हणून पाहिलं, 'रा' आणि 'ऋ' एकमेकांच्या पायात आले. 'गार्गी ऋतुजा' म्हणताना माझी कवळी हलली. माझी मुलगी, म्हणजे बाळाची आत्या, नाशिकहून फोनवर यादी सांगायची. शेवटी ऋतुजाच म्हणाली, "सई." दोन अक्षरं. सई ऋतुजा अनिरुद्ध. म्हणून बघा, दोन उंच माणसांनी हाताला धरून चालवलेलं लहान पोर वाटतं की नाही? ठरलं. बारशाला आत्यानं कानात कुर्र केलं, पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. तुमच्यापैकी पुष्कळजण होतात.

पण फॉर्म भरायच्या दिवशी एक गोष्ट झाली, आणि तीच सांगायला मी आज उभी आहे. आईच्या नावाच्या रकान्यात 'ऋतुजा' लिहिताना ती मला म्हणाली, "आई, माझं नाव तेव्हा बदललं असतं तर आज इथं काय लिहिलं असतं?"

'तेव्हा' म्हणजे २०१९ साली, लग्नात. गुरुजींनी ताटात तांदूळ पसरले, अंगठी दिली, आणि अनिरुद्धला म्हणाले, पत्नीचं नवीन नाव लिहा. खरं सांगते, नाव बदलावं असं मलाही वाटत होतं. मी दोन नावं काढूनही ठेवली होती. आदल्या आठवड्यात ऋतुजाला म्हटलं, "तुला कोणतं आवडतं बघ, एक हौस म्हणून." तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "आई, तुम्हाला दोन नावं आहेत ना? त्यातलं खरं कोणतं?" मला उत्तर देता आलं नाही. लग्नात अनिरुद्धनं तांदळात 'ऋतुजा' असंच लिहिलं. मी काही बोलले नाही.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. माहेरची मी प्रमिला. प्रमिला दत्तात्रय. १९७७ साली त्याच नावानं नोकरीला लागले. १९७९ ला लग्न झालं आणि तांदळात मी वसुधा झाले. सासूबाईंना आवडायचं म्हणून. आजही तुम्ही सगळे मला वसुधाकाकू म्हणता. पण ऑफिसच्या सर्व्हिस बुकात पहिलं नाव बदलायचं म्हणजे राजपत्रात छापा, अर्ज करा. मी फक्त मधलं नाव आणि आडनाव बदलून घेतलं. त्यामुळे ऑफिसात, बँकेत, पॅन कार्डावर मी 'प्रमिला श्रीकांत' आणि घरात, रेशन कार्डावर, लग्नाच्या अल्बममध्ये 'वसुधा श्रीकांत'. दहा वाजता ट्रेनमध्ये चढले की प्रमिला, सहा वाजता उतरले की वसुधा. गंमत म्हणून ठीक होतं.

२००१ साली आपल्या सोसायटीचे नामनिर्देशनाचे फॉर्म भरले. ह्यांनी मोठ्या प्रेमानं लिहिलं, 'पत्नी, सौ. वसुधा श्रीकांत'. २०१७ ला हे गेले. शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढवायचं, तर फॉर्मवर वसुधा, आणि माझ्या एकाही ओळखपत्रावर वसुधा नाही! कमिटीचा काही दोष नव्हता. कागद कागदाशी जुळला पाहिजे, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलेली. चूक आमची होती. पण तेराव्याच्या आठवड्यात 'वसुधा कोण, सिद्ध करा' असं स्वतःलाच विचारायची पाळी आली, ते विसरता येत नाही.

त्या वेळच्या अध्यक्षांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, "वहिनी, पहिलं नाव वेगळं आहे, पण मधलं नाव एकच आहे. तिथं दोरी धरू." मग प्रतिज्ञापत्र केलं, 'प्रमिला आणि वसुधा या एकच व्यक्ती आहेत'. लग्नाचा दाखला जोडला. काम झालं. ते गेल्यावरही ह्यांच्या नावानं मला सोडवलं. म्हणून मी म्हणाले, मधल्या नावाला मी नावं ठेवणार नाही.

पण त्याच रात्री कपाट आवरताना माझा मॅट्रिकचा दाखला सापडला. 'प्रमिला दत्तात्रय'. माझे वडील पोस्टात सॉर्टर होते. लोकांची नावं-पत्ते वाचण्यात त्यांचा जन्म गेला. आणि त्यांचं स्वतःचं नाव त्यांच्या लेकीच्या कागदांवरून १९७९ लाच पुसलं गेलं. ते मला त्या रात्रीपर्यंत खटकलंही नव्हतं. चाळीस वर्षांत एकदाही!

नवा नियम झाला तरी विवाहित बाईच्या बाबतीत चालत आलेली पद्धतच ठेवली आहे. तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. मात्र त्याच निर्णयात मिळकतीच्या कागदावर बाईला लग्नापूर्वीच्या नावानं नोंद करण्याची मुभा दिलेली आहे. हे पुष्कळ जणींना माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. ज्यांना हवं त्यांनी घ्यावं, ज्यांना नको त्यांनी नको. मी कुणाला नाव बदला म्हणत नाही आणि बदलू नका असंही म्हणत नाही. एवढंच म्हणते, की ज्याचं नाव त्याला विचारा.

आता कमिटीकडे माझी दोन मागणी आहेत. मागणी कसल्या, विनंती.

एक. रौप्यमहोत्सवानिमित्त सगळ्यांचे नामनिर्देशनाचे फॉर्म एकदा काढून बघा. पंचवीस वर्षांपूर्वी प्रेमानं लिहिलेली लाडाची नावं त्यात किती असतील! नॉमिनीचं नाव तिच्या किंवा त्याच्या ओळखपत्राशी जुळतं का, हे दोघंही हयात असताना बघायचं. हयात असताना एका सहीचं काम असतं, नंतर सहा महिन्यांचं. हवं तर मी महिनाभर रोज संध्याकाळी पाच ते सहा ऑफिसात बसते. सवयीची खिडकी आहे. कुणाला 'उद्या या' म्हणणार नाही, हा शब्द देते.

दोन. खाली लॉबीतला नामफलक आता नवा करणार आहात असं ऐकलं. जुन्या फलकावर प्रत्येक विंगमध्ये एकेका घराचं एकेक नाव, आणि ते बहुतेक पुरुषाचं. सी विंगच्या फलकावर आठ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव अजून आहे. ते माझ्याच घरचं. दर वेळी लिफ्टची वाट बघताना मी ते वाचते. ते काढा असं मी कधी म्हणाले नाही आणि म्हणणारही नाही. पण नवा फलक करण्याआधी प्रत्येक घरी एक कोरी चिठ्ठी पाठवा आणि विचारा, तुमच्या घराचं नाव कसं लिहायचं? त्या चिठ्ठीवर घरात पाच मिनिटं चर्चा होऊ द्या. काही घरांत थोडी भांडणं होतील, होऊ देत. बारशाच्या वेळीही होतातच.

माझ्या चिठ्ठीचं मी ठरवलंय. गेल्या आठवड्यात सईला मांडीवर घेऊन लिहूनही ठेवलं. ती कागदच खायला निघाली होती, एक कोपरा गेलाय, तेवढं समजून घ्या. त्यावर लिहिलंय: प्रमिला दत्तात्रय श्रीकांत. खाली आडनाव. चार मजले. सूनबाईच्या लेकीला मिळाला तो वाढीव मजला आजीलाही थोडा मिळाला तर कुणाची हरकत नसावी. आणि तुम्ही मला हाक मात्र वसुधाकाकू अशीच मारा. पंचेचाळीस वर्षांची सवय आहे, मी मागे वळून बघते.

एवढं बोलून थांबते. पोहे तयार आहेत असं खुणेनं सांगतायत.